व्हॅनच्या पोटातली माती

१

गहिनीनाथच्या व्हॅनमधली माती चोरीला गेली आणि त्या सकाळी घोडेगावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव होतं : तुषार मेकॅनिक.

ही माती शेतातली नव्हे. पेट्रोलच्या गाडीचा धूर इंजिनातून निघतो आणि मागच्या नळीतून बाहेर पडतो. त्या वाटेवर, गाडीच्या पोटाखाली, एक पोलादी डबा असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. डब्यात चिनी मातीची, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक भोकांची एक वीट बसवलेली असते आणि त्या भोकांना आतून प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचा पातळ थर दिलेला असतो. धूर भोकांतून जाताना त्यातलं बरंचसं विष तिथेच जळून जातं. वीट फोडली की करडी माती दिसते. चोर गाडीला हात लावत नाहीत, तेवढी माती काढून नेतात. म्हणून गावोगाव तिचं नाव माती पडलं.

"लिहून घ्या हवालदार," गहिनीनाथ पोलीस चौकीत टेबलावर हात आपटत म्हणाला. "तुषारनं माझी माती चोरली."

हवालदार रामहरींनी पेन खाली ठेवलं. "माती चोरली असं लिहू? साहेब विचारतील, किती ब्रास?"

"चेष्टा करू नका. नगरच्या मोठ्या वर्कशॉपवाल्यानं आत कॅमेरा घालून दाखवलं मला. डबा रिकामा! रिकामा म्हंजे रिकामा! माझ्या गाडीखाली त्या तुषारबिगर कुणी शिरलंय का?"

"नाव लिहिलं की तो गेला कामातून, गहिनीनाथ. दुकानाची जागा बाजार समितीची आहे. चोरीत नाव आलं की जागा जाते."

"जाऊ द्या! उद्या बाजार हाय. तुमी लिहिलं न्हाई, तर भर बाजारात त्याच्या दुकानाला म्या कुलूप ठोकतो."

गहिनीनाथचे वडील जनावरांचे व्यापारी होते. मुलाने बैल सोडून व्हॅन घेतली. रोज सकाळी तो गावातल्या लोकांना इमामपूर घाटातून नगरच्या दवाखान्यात नेई आणि दुपारी परत आणी. आता व्हॅन घाट चढत नव्हती आणि त्याचा आवाज खाली येत नव्हता.

रामहरींनी कपाळ चोळलं, टोपी घातली आणि ते पुष्पावतीबाईंच्या घराकडे निघाले.

बाईंनी नगरच्या आयटीआयमध्ये सारी नोकरी मोटार दुरुस्ती शिकवली होती. आता निवृत्त होऊन त्या गावी राहत. ओसरीवर आळीतली पोरं एका मोडक्या पंख्याचे अवयव मांडून बसली होती.

"येते," रामहरींचं ऐकून बाई म्हणाल्या. "पण एक अट आहे. चोर कोण, ते मला कोणी सांगायचं नाही. गाडी काय करते, तेवढंच सांगायचं."

रामहरी हसले. ही अट घोडेगावात कोणी पाळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

२

गहिनीनाथचं अंगण कोरडं ठणठणीत होतं. व्हॅन उभी होती तिथे खाली मात्र चिखल होता. बाईंनी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि त्या चिखलातून गाडीपाशी गेल्या.

"गाडी काय करते?"

"तुषारनं माती काढल्यापासून—"

"तुषार नको. गाडी."

"घाट चढत न्हाई. पायथ्याला बरी असती. चढ लागला की दम कोंडल्यावानी करती. पाय दाबला तरी पळत न्हाई. मागून ट्रकवाले हॉर्न मारत्यात, ते येगळंच."

"चालू कर."

गाडी चालू झाली. आवाज नेहमीसारखाच होता, उलट थोडा दबका. बाई मागे गेल्या आणि त्यांनी पदराला खोचलेला रुमाल काढून धुराच्या नळीपुढे धरला. गहिनीनाथने पाय दाबला. रुमाल जेमतेम थरथरला. बाईंनी तो घडी करून परत खोचला आणि त्या गाडीत डोकावल्या.

"हे काय?"

स्टिअरिंगमागच्या काचेवर, काट्यांच्या मध्ये, लाल टिकली चिकटवली होती.

"तिथं इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. सारखा डोळ्यावर येतो. मग बायकोची, मोनिकाची टिकली लावली."

बाईंनी डोळे मिटले. वर्गात तेच तेच चुकणाऱ्या पोराकडे बघून त्या असेच डोळे मिटत. "अरे, तो दिवा काय दिवाळीचा आहे? गाडी तुला काहीतरी सांगतेय, आणि तू तिचं तोंड दाबतोस."

"बाई, दिवा तर समद्यांच्याच गाडीत लागतो."

"पुढे. चढ चढेना, त्याआधी काही आवाज यायचा का?"

"यायचा की. लई दिवस खालून खुळखुळ वाजायचं. म्हणूनच तुषारकडं नेली. त्यानं दुपारभर शटर अर्धं खाली घेऊन गाडी ठिवली. दुपारभर! दार लावून काय करत हुता त्यो?"

"कधीची गोष्ट?"

"पोळ्याच्या आदल्या दिवसाची. आन् पोळ्याला वडलांच्या बैलांच्या झुली, घुंगरमाळा व्हॅनमधून आणल्या. मग खुळखुळ ऐकून म्या म्हटलं, एखादा घुंगरू सीटखाली पडला आसंल. चार दिवस शोधत हुतो. घावला न्हाई."

"म्हणजे तुषारने काम केल्यावरही वाजत होतं?"

"घुंगरू वाजत हुता, बाई. घुंगरू!"

तेवढ्यात आळीतला एकजण धापा टाकत आला. "हवालदारसाहेब, तुषार दुकानाची पाटी उतरवतोय. सामान टेम्पोत भरायला लागलाय. पळतोय तो!"

"बघा!" गहिनीनाथ ओरडला. "खाल्लेलं पचंना!"

३

तुषारचं दुकान बाजाराच्या कडेला लिंबाखाली होतं. दारात एकही गाडी उभी नव्हती. पाटी जमिनीवर टेकवलेली होती आणि तुषारची बायको वृषाली पाने-पकडी पोत्यात भरत होती.

"पळतोस का रे?" रामहरींनी विचारलं.

"जातो," तुषार म्हणाला. "पळायला काय झालं? सकाळपासून तीन जणांनी उघडलेल्या गाड्या तशाच ढकलत नेल्या. एकाचं तर चाकही लावायचं होतं, तोही थांबला नाही. उद्या भर बाजारात कुलूप लागण्यापेक्षा आज गेलेलं बरं."

"शटर अर्धं खाली घेऊन काय करत होतास?"

वृषालीने नवऱ्याकडे पाहिलं.

"आणि तो नवा कंप्रेसर कुठून आला?"

"माझ्या शेळ्या इकल्या," वृषाली फटकन म्हणाली. "घोडेगावच्या बाजारात इकल्या, साऱ्या गावानं बघितल्या. आता माती इकून शेळ्या घेतल्या म्हणतील आन् शेळ्या इकून कंप्रेसर!"

"मला कंप्रेसर नको," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मला काहीच नको. सकाळपासून एका माणसाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. तुषार, त्या दिवशी गाडीला केलंस काय?"

"सायलेन्सरला टांगून धरणारं रबर तुटलं होतं. वाजतंय ते त्यानंच, असं मला वाटलं. सायलेन्सर उतरवला, रबर बदललं, चढवला."

"मग वाजायचं थांबलं?"

"कोण जाणे. तो परत आलाच नाही."

"एवढ्याला दुपारभर?"

तुषार पायाकडे बघत होता. वृषालीनेच सांगितलं. "झोपला हुता, बाई. पुरणपोळ्या आदल्या दिवशीच केल्या हुत्या म्या. चव बघतो म्हणून पाच खाल्ल्या. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून शटर खाली."

रामहरी खोकले. बाई मात्र हसल्या नाहीत. "पाटी तिथंच ठेव," त्या तुषारला म्हणाल्या. "उद्या बाजार होईपर्यंत टेम्पो हलवायचा नाही." आणि रामहरींकडे वळून म्हणाल्या, "माती याने काढलेली नाही. पण याच्यानंतर गाडी आणखी एका माणसाकडे होती. गहिनीनाथने ते आपल्याला सांगितलं नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाडीत मागच्या खिडकीवर भंडारदऱ्याच्या पार्किंगची, पोळ्यानंतरच्या तारखेची चिठ्ठी चिकटलेली आहे. गहिनीनाथ घाटापलीकडे नगरच्या पुढे कधी गेलाय का?"

४

गहिनीनाथची गाडी मागून नेणारा गावात एकच होता : मोनिकाचा धाकटा भाऊ अमृत. तो घरामागे कडबा रचत होता. बाई आणि हवालदार दोघे एकदम दिसल्यावर कडब्याची पेंढी त्याच्या हातून सुटली.

"दाजींची गाडी मी नेलीच नव्हती," तो म्हणाला. त्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.

"नेली नव्हती तर चिठ्ठी भंडारदऱ्याहून चालत आली का?" रामहरींनी विचारलं.

"मित्रांबरोबर गेलो होतो. धबधबा बघायला."

"मित्रांची नावं सांग."

अमृतने दोन नावं सांगितली. त्यातला एक त्या आठवड्यात पाय मोडून घरी पडलेला होता. रामहरींनीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. रामहरींचा हात काठीकडे गेला.

"थांबा," बाई वैतागून म्हणाल्या. "तू गेलास कोणाबरोबर, हे माझ्या दृष्टीने शून्य आहे. गाडी काय करत होती ते सांग. जाताना खालून काही वाजत होतं?"

"हो. सारखं खुळखुळ. इतकं की राजूर येईपर्यंत डोकं उठलं."

"आणि येताना?"

अमृतने आठवून पाहिलं. "येताना एका गतिरोधकावर गाडी आदळली. खाली मोठ्यानं खळ्ळ झालं. मागं धुरातून करडी धूळ उडाली. मी घाबरून उतरून पाहिलं, काही तुटलं नव्हतं. पुढं आवाज एकदम बंद. मला वाटलं, बरं झालं, गेला त्रास. पण गाडी मात्र मरगळली. दाजींना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच घाटात ढकलायला लावलं असतं."

"पण भंडारदऱ्याला गेला होतास कशाला?" रामहरींना राहवेना.

अमृतचे कान लाल झाले. "तिकडचं, अकोले तालुक्यातलं स्थळ होतं. पोरगी बघायला. ताईला न सांगता."

"आलं का पसंत?"

"त्यांनी गाडीतून उतरलो तसंच विचारलं, गाडीला अंड्याचा वास का येतो? माळकरी लोक होते."

पुष्पावतीबाई जागच्या जागी थांबल्या. "अंड्याचा?"

"सडक्या."

"रामहरी, नगरला रोज व्हॅनमधून कोण जातं?"

५

गीताबाई माळकरी. नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं म्हणून रोज व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसत. बाईंनी वासाचं नाव काढायचा अवकाश, त्यांनी पाट सरकवला.

"म्या सांगत हुते! म्या बोंबलून सांगत हुते! त्यो केशरबाईचा पोरगा उकडलेली अंडी घिऊन बसतो म्हणून! त्यो म्हणायचा न्हाई, म्या म्हणायचे व्हय. पिशवी उलटी केली त्याची एकदा. नुसत्या गोळ्या आन् चादर. तरी म्या म्हटलं, खाल्ली आसतील!"

"वास घाटात जास्त यायचा ना?"

"घाटातच! चढ लागला की सुटलाच."

"आता येतो?"

गीताबाई विचारात पडल्या. "न्हाई ओ. आता अंडं न्हाई. आता डोळं चुरचुरत्यात. धुराचा कडवट वास. म्या म्हटलं, माझ्या म्हणण्यानं पोरानं अंडी सोडली."

"हा बदल अमृतने गाडी नेली त्याच्याआधी झाला, की नंतर?"

"अमृत परत आल्यावर, दुसऱ्या दिशीपासून."

बाहेर आल्यावर रामहरी म्हणाले, "म्हणजे झालं. चोर अमृत. भंडारदऱ्याला मुक्कामात माती काढली, विकली, वर पोरगी बघायचं निमित्त."

बाईंनी रस्त्यातच त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं. डोळ्यांसमोर. सकाळी रुमाल पाहिलात ना?"

"पाहिला. हलला नाही."

"मग?"

"मग... हलला नाही."

"घरी जा, जेवा आणि विचार करा," बाई म्हणाल्या. "मला मोनिकाला एकच गोष्ट विचारायची आहे. तिच्या अंगणात चिखल कसला?"

मोनिका धुणं वाळत घालत होती. प्रश्न ऐकून तिने ओलं धोतर दोरीवर फेकलं.

"त्यो चिखल माझ्या मरणाचा हाय, बाई! नगरहून आला की ह्यो माणूस आधी गाडीला पाणी घालतो. बायकोला बोलत न्हाई, पोरांकडं बघत न्हाई. पाइप धरायचा आन् गाडीच्या पोटाखाली मारायचा. छस्स करून वाफ निघती. मग म्हणतो, दमली बिचारी. सासरे बाजारातून बैल आणून पोटाखाली पाणी मारायचे, तीच सवय. म्या म्हटलं, अवो, बैल हाय का त्यो? तर म्हणतो, बैलाहून जास्त राबती!"

पुष्पावतीबाईंनी चपला हातात घेतल्या. "मोनिका," त्या म्हणाल्या, "उद्या त्याला सांग, व्हॅन तुषारच्या दुकानापुढे आण. बाजार भरला की. आणि कुलूपही घेऊन ये म्हणावं. बघू कुणाला लागतं."

६

बाजार भरला. गाई, बैल, शेळ्या, चहाच्या टपऱ्या आणि लिंबाखाली गर्दी. गहिनीनाथ खरंच कुलूप घेऊन आला होता.

"ह्या चोराचा हात माझ्या गाडीला लागायचा न्हाई," तो म्हणाला.

"लागेल," रामहरी म्हणाले. "नाहीतर टोपी घालून मी स्वतः गाडीखाली शिरेन, आणि मला काही येत नाही."

लोक हसले. तुषार खाली सरपटत गेला आणि त्याने धुराच्या नळीचा शेवटचा, मागचा मोठा डबा, म्हणजे सायलेन्सर, सोडवून बाहेर काढला. बाईंनी तो उभा करून हलवायला सांगितलं. आत जड काहीतरी सरकलं. खुळखुळ, खुळखुळ.

गहिनीनाथचं तोंड उघडं राहिलं. "माझा घुंगरू..."

"कापा," बाई म्हणाल्या.

ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या. एक वासरू बिचकलं. डब्याचं पोट उघडलं आणि खाली अंथरलेल्या गोणपाटावर करडे तुकडे घरंगळले : हरभऱ्याएवढे, काही शेंगदाण्याएवढे, काहींची भोकं अजून पोळ्यासारखी शाबूत, बाकी चुरा. गोणपाटावर ढीग झाला.

"ही तुझी माती," बाई म्हणाल्या. "गाडीच्या बाहेर गेलीच नव्हती. पोटातून शेपटीत गेली."

बाईंनी तुकडा उचलून समोरच्या पोरांना दाखवला आणि त्यांचा वैताग पहिल्यांदाच निवळला. त्या त्यांच्याशीच बोलू लागल्या.

"वीट अख्खी असती तर वाजली नसती. वाजत होती म्हणजे फुटली होती. पण वाजत होती म्हणजे आत होती! तुषारने रबर बदललं पोळ्याच्या आदल्या दिवशी. पोळ्याला वाजत होती. भंडारदऱ्याला जातानाही वाजत होती. मग तुषारने नेली काय? येताना गाडी आदळली, तुकडे सुटले, नळीतून मागच्या डब्यात जाऊन ठासून बसले, आवाज थांबला. आता गीताबाईंचं अंडं. पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतं. वीट फुटकी, वाट तुंबलेली, डबा अतोनात तापलेला, की त्या गंधकाचा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. वीट जागेवर होती तोवर वास होता. जागा सोडली, वास गेला आणि न जळलेला धूर डोळ्यांत आला. केशरबाईंच्या मुलाची कोणीतरी माफी मागा."

"पर बाई," गर्दीतून गीताबाईंचा आवाज आला, "अमृतनं काढून इकली नसंल कशावरून, असं काल हवालदार म्हणत हुते."

रामहरींनी लिंबाकडे पाहिलं.

"चोराने माती काढली की वाट मोकळी होते. गाडी जोराने ओरडते आणि सुसाट पळते. ही दबकी होती, घाट चढेना, रुमाल हलेना. म्हणजे वाट मोकळी नव्हती. पुढचा डबा रिकामा आणि तरी धूर कोंडलेला, मग अडकलं कुठे? मागे. वर्कशॉपवाल्यांनी पुढे पाहिलं, रिकामं दिसलं, तिथेच थांबले."

"मग फोडली कुणी?" गहिनीनाथने विचारलं. त्याचा आवाज आता बराच खाली आला होता.

बाईंनी मोनिकाकडे पाहिलं. मोनिकाने पदर तोंडाला लावला होता, पण डोळे हसत होते.

"चुलीवरून उतरवलेल्या तापल्या खापराच्या तव्यावर गार पाण्याचा तांब्या ओतला तर काय होईल रे?" बाईंनी पोरांना विचारलं.

"तडकंल!" पोरं एका सुरात ओरडली.

"घाट उतरून आलेल्या गाडीच्या पोटाखाली हा डबा तव्यापेक्षा जास्त तापलेला असतो. रोज कोणीतरी त्याच्यावर बोअरचं गार पाणी मारत होतं. रोज, मायेने. पिवळा दिवा सांगत होता, तर त्यावर टिकली."

गर्दीतले म्हातारे व्यापारी गहिनीनाथकडे बघू लागले. त्याच्या बापाला ते ओळखत होते आणि बैलाच्या पोटाखालचं पाणीही. एकजण खुदकन हसला, मग दुसरा.

गहिनीनाथ गोणपाटाकडे बघत राहिला. त्याने एक तुकडा उचलला, बोटांत चुरला, हाताला लागलेली करडी धूळ बघितली. मग तो लिंबाच्या पारावर चढला. गाव चोर चोर म्हणत असताना त्याचा आवाज जेवढा होता, तेवढाच मोठा काढून तो म्हणाला,

"ऐका हो! माती कुणी चोरली न्हाई. माती म्या खाल्ली."

अख्खा बाजार खदखदला.

"किती ब्रास?" रामहरींनी खालून विचारलं.

गहिनीनाथ पारावरून उतरला. कुलूप अजून त्याच्या हातात होतं. ते कुठे ठेवावं हे न कळून त्याने ते खिशात घातलं आणि तो तुषारपुढे उभा राहिला. तुषारने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने हात पुसले आणि जमिनीवर टेकलेली पाटी एका बाजूने उचलली.

"ते टोक धर," तो म्हणाला. "आणि सरळ धर. तिरकी लागली तर परत उतरवायला लावीन."